शपथ सुटली म्हणायचं राहिलं

दत्तू,

परवा नदीवर लोक तुझ्याबद्दल इतकं गोड बोलले की आपण भलत्याच माणसाच्या रक्षाविसर्जनाला आलो की काय, असं मला वाटायला लागलं. एकेक जण पुढं यायचा, टोपी काढायचा, घसा साफ करायचा आणि सांगायचा की दत्तोबा म्हणजे गावच्या गोठ्यातला दिवा होता. सरपंच आबा म्हणाले, आज गावातली प्रत्येक म्हैस पोरकी झाली. त्या वेळी वेदगंगेत आबांच्याच दोन म्हशी डुंबत होत्या. पोरकेपणाचं काही चिन्ह त्यांच्या तोंडावर दिसत नव्हतं.

तू असतास तर कोपरानं मला ढोसलं असतंस. पण तू त्या पांढऱ्या राखेत होतास, आणि मला हसू येईना. मी आपला मागं वडाला टेकून उभा होतो आणि वाट बघत होतो, गायरानाचं नाव कोण काढतंय याची. आबांनीच काढलं. म्हणाले, गायरानाचं सोनं दत्तोबानं केलं. सोनं झालं हे खरंच आहे. ते कुणाच्या घरात गेलं हे विचारायची ती जागा नव्हती. म्हणून आता घरी लिहायला बसलोय. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे, आणि तू मेलास म्हणून तुला सूट द्यावी असं काही मला वाटत नाही.

तू आधीपासूनच असा होतास का, हे मी चार दिवस आठवून बघतोय. तू कोल्हापूरला शेतकी शिकत होतास, शिवाजी पेठेत मामाकडं राहायचास. मी बापाबरोबर बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारायचो आणि लोखंड घ्यायला शहरात आलो की तुमच्याकडं मुक्काम ठोकायचो. तालमीतली पोरं बोळात फुटबॉल बडवत असायची, आणि त्या गोंधळातनं तू मला कट्ट्यावर दूध प्यायला घेऊन जायचास. गवळी म्हैस समोर उभी करून धार काढायचा, पेल्यावर बोटभर फेस यायचा. लोक फेसाकडं बघायचे. तू म्हशीच्या पुढं वाकून तिच्या टोपलीत काय आहे ते बघायचास. एकदा तर तू टोपलीतली पेंड चिमटीत घेऊन तोंडातच टाकलीस. गवळी म्हणाला, पावणं, दूध प्यायला आलाय का म्हशीची सोयरीक बघायला? सगळा कट्टा हसला. तू मात्र पेंड चावत मला सांगत होतास, "दूध सडात नसतंय इस्माल्या, दावणीत असतंय."

हे वाक्य तू पुढं जन्मभर वापरलंस. मला ते पहिल्यांदा ऐकायला मिळालं, आणि खरं सांगतो, मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता.

शिकून तू गावी आलास आणि दूध संस्थेचा सेक्रेटरी झालास. लोकांना वाटलं, पोरगं आता खुर्चीत बसून संकलनाची घंटा वाजवणार. तू मात्र लोकांच्या गोठ्यात घुसायला लागलास. आपल्या गावाला बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथं जनावरांची चैन आहे. जिकडं तिकडं ऊस. पण बिद्रीच्या साखर कारखान्याचा भोंगा वाजतोय तोवर वाडं, उसाचे शेंडे, मिळायचं, आणि हंगाम संपला की दावणीत नुसता खडखडाट. पूर्वेकडनं आलेला कडबा म्हशीपुढं अख्खा टाकायचा, तिनं पानं खायची आणि धाटं पायाखाली तुडवायची. तू लोकांना सांगायचास की तुम्ही अर्धा कडबा म्हशीच्या पायाला घालताय. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. तू हसण्यावारी नेलं नाहीस. बांधावर हत्तीगवताची ठोंबं लावलीस, विहिरीकडेला लसूणघास केलास, मिठाचे खडे आणून दावणीला टांगलेस. ज्यांनी तुला येडा ठरवला त्यांच्याच म्हशी पुढच्या उन्हाळ्यात आटायच्या थांबल्या.

आणि एक दिवस बैलगाडीत कडबा बारीक करायची मोडकी कुट्टी मशीन घालून तू माझ्या दारात उभा राहिलास. चाक शाबूत होतं, पाती गेली होती. म्हणालास, पातं करून दे. मी म्हटलं, आम्ही पत्र्या मारणारी माणसं, हे आमचं काम नव्हे. तू ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा माझ्यापुढं टाकलास आणि भात्याजवळ मांडी घालून बसलास. तीन पाती वाया गेली. चौथं बसलं. माझ्या बापानं पहिली पेंढी आत सारली आणि बारीक कुट्टी खाली पडली तेव्हा म्हातारा पोरागत हसला. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, पत्र्या मारायचं काम संपलं. आज मुरगूडच्या बाजारापर्यंत लोक माझ्याकडं कुट्टीची पाती न्यायला येतात. माझी पोरं त्या पात्यावर शिकली. हे मी तुझं देणं म्हणून लिहीत नाही, तू ते कधी देणं मानलंच नाहीस. पण तुझ्यावर चिडायला बसलो की हे आडवं येतं. सरळ वाईट असतास तर बरं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळा झालो असतो.

आता गायरानाचं.

बिरोबाच्या माळापासून ओढ्यापर्यंत सगळं गायरान उघडं पडलं होतं. पावसाळ्यात कुसळी यायची, दिवाळीपर्यंत तिची कुसळं जनावरांच्या तोंडात रुतायची, आणि मग नुसता मुरूम. तुझं म्हणणं असं होतं की दोन-तीन पावसाळे तिथं एकही जनावर गेलं नाही, आणि आपण चांगलं बी टाकलं, तर तिथं कमरेएवढं गवत येईल. तू सरकारी फार्मावरनं पवना गवताचं आणि स्टायलोचं बी आणलंस. स्टायलोचं बी टणक, गरम पाण्यात घातल्याशिवाय उगवत नाही, म्हणून तू आमच्या घरी आलास आणि अम्माकडं तिची मोठी डेग मागितलीस. ती बिर्याणीची डेग. अम्मा चुलीपाशी बसून पाणी किती तापलं हे बोट बुडवून सांगत होती आणि तू तिला 'चाची, चाची' करत त्या बियाचं पुराण ऐकवत होतास. तिनं तुला शेवटी विचारलं, गवत आल्यावर माझ्या शेळ्यांना काय?

इथं तुझं-माझं पहिलं वाजलं. शेळी म्हणजे चालती कुऱ्हाड, असं तुझं ठाम मत. तिनं कोंब खाल्ला की गवत संपलं. मी म्हटलं, बाबा रे, तूच म्हणतोस दूध दावणीत असतं. मग ज्याला तसूभर जमीन नाही त्याची दावण कुठली? आमची दावण म्हणजे ते गायरान. अम्माच्या चार शेळ्या, बिरू धनगराची मेंढरं, गावकुसाबाहेरच्या घरांच्या गाई, सगळ्यांची तीच. ती बंद करून तू आमच्या हातात काय देणार?

तुझ्याकडं उत्तर तयार होतं. गवत आलं की कापून न्यायचं, चारायचं नाही. आणि पहिला भारा ज्यांनी जनावरं बाहेर ठेवली त्यांचा. रोज घरटी एक भारा. उरलं तर बाकीच्या गावाला. तू हे बोलायचास तेव्हा तुझे डोळे असे काही चमकायचे की मलाही ते भारे दिसायला लागायचे.

पण नुसत्या बोलण्यावर आपल्या गावात कोण थांबतंय? काटेरी कुंपण लोक जळणाला नेतात, तारा विकून खातात. म्हणून तू आपल्या गावची रीत काढलीस. भंडारा उचलायचा. बिरोबाच्या देवळात सगळ्या जनावरवाल्यांना बोलावलंस. भंडारा उचलून जो शब्द दिला तो मोडायचा नाही, आणि ज्याच्यापाशी दिला त्यानं 'सुटली' म्हटल्याशिवाय त्यातनं सुटका नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. शब्दही तूच ठरवलेस: दत्तू सांगंल तवर गायरानात जनावर सोडणार न्हाय. बिरूनं उचलला, एकेका घरानं उचलला. अम्मा मागं उभी होती. तू तिला अगदी अदबीनं म्हणालास की चाची, तुम्ही आपली पिराची उदी उचला, तरी चालेल.

अम्मा म्हणाली, "गाव ज्ये उचलतंय त्येच मी उचलतो. शबुद तुला द्यायचा हाय, तू आन् मी बघून घिऊ." आणि तिनं चिमूटभर भंडारा उचलला आणि पदराच्या टोकाला बांधला.

तेवढ्यात बिरूनं विचारलं, "आन् आबानं काय उचललं?"

सगळे हसले. तूही हसलास, मीही हसलो. आबा कशाला उचलतील? त्यांची जनावरं गोठ्यात, दावणीला. गायरानात त्यांचं शेपूटसुद्धा कधी आलं नव्हतं. ज्याचं जनावर तिथं जातं त्यानं शपथ घ्यायची, हे इतकं सरळ वाटलं सगळ्यांना. गवत कापायला आणि वाटायला ज्यांचा हात लागणार होता त्यांना कुणी देवळात बोलावलंच नाही. पंचायतीचा एक माणूस तिथं नव्हता. जे खाणार नव्हते त्यांना आपण बांधून घेतलं, आणि खाणाऱ्यांना मोकळं सोडलं. असली चूक आपलंच गाव करू जाणे. भंडाऱ्यावर आमचा इतका विश्वास की त्याच्यापलीकडं काही लागतं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तू तर शिकलेला होतास.

पुढं बाहत्तरचा दुष्काळ आला. आपल्याकडं ऊस हिरवा होता म्हणून लोक म्हणतात कोल्हापूरला झळ लागली नाही. ज्यांचा ऊस होता त्यांना नाही लागली. पूर्वेकडनं कडबा यायचा बंद झाला, उसाच्या वाड्यालासुद्धा धनी झाले, आणि अम्मा आकडी लावलेली काठी घेऊन उंबराचा पाला काढत शिवारभर हिंडायला लागली. एक दिवस उंबरही संपले. गायरानात तुझं गवत पिवळं होऊन उभं होतं. कुंपणाला चार ठिकाणी भोकं पडली होती आणि रोज कुणी ना कुणी आत शिरत होतं. मी अम्माला म्हटलं, सगळे सोडतायत, तूही सोड, कोण बघतंय? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पातं घासायला लागलो.

ती तुझ्याकडं आली होती, आठवतं? संस्थेच्या दारात उभी राहिली आणि विचारलं की दत्तू, थोडे दिवस मोकळीक दे, शेळ्या मरायला लागल्या. तू तिला आत बोलावून चहा पाजलास. समजावून सांगितलंस की चाची, आता जनावर आत गेलं तर मुळं उपटली जातील, सगळं पाण्यात जाईल, अजून एक पावसाळा कळ काढा. तिनं कळ काढली. मुरगूडच्या बाजारात तिनं चारी शेळ्या विकल्या. त्यातली चांदी नावाची शेळी गाभण होती. हाडं निघालेल्या शेळीला दुष्काळात कोण विचारतंय, खाटकानंच घेतल्या. अम्मा मोकळी दावी खांद्यावर टाकून घरी आली आणि ती खुंटीला अडकवून चुलीपाशी बसली. मी तुझ्या नावानं खडे फोडत होतो. तीच मला म्हणाली, गप बस, त्यो काय खोटं बोलत न्हाय.

आणि तू खोटं बोलत नव्हतासच. पाऊस झाला आणि गवत आलं. बापरे, काय गवत आलं दत्तू! मी दुकानातनं उठून बघायला गेलो होतो. बिरू मधे उभा राहिला तर त्याचं फक्त मुंडासं दिसत होतं. वारा आला की सगळा माळ एका अंगावर कलायचा. तू साहेबांच्या जीपा आणल्यास, फोटो काढलेस, त्या लोकांना आमच्या दारात आणून अम्माच्या हातचा चहा पाजलास आणि सांगितलंस की ह्या बाईंनी शेळ्या विकल्या पण शब्द मोडला नाही. अम्मा लाजली. त्या दिवशी तुझ्यावरचा सगळा राग माझ्या मनातनं निघून गेला होता, तेही लिहून ठेवतो.

मग चावडीवर लिलाव पुकारला.

आबा म्हणाले, गायरान पंचायतीचं, गवत गावचं उत्पन्न, फुकट कसं वाटायचं? ज्यांच्या दावणीला संकरित गाई आल्या होत्या, ज्यांच्या म्हशींचं दूध तुझ्या संस्थेत येत होतं, ते सगळे बोली बोलायला पुढं बसले होते. तू आबांच्या शेजारी खुर्चीवर होतास. बिरू उठला आणि त्यानं विचारलं, पयला भारा आमचा ठरलावता, त्याचं काय? आबा शांतपणे म्हणाले, "कुनी दिलाता शबुद? पंचायतीनं दिलाता का?"

सगळ्या चावडीनं तुझ्याकडं बघितलं. अम्मा बायकांत बसली होती, तिनंही बघितलं. तुला फक्त एवढं म्हणायचं होतं की होय, मी दिला होता. त्यानं लिलाव थांबला असता असं मी म्हणत नाही. थांबला नसताच. पण तू टेबलावरचा तांब्या उचललास आणि पाणी प्यालास. घटाघटा, सगळा तांब्या. तोवर पुकारणाऱ्यानं पुढची बोली घेतली.

दुसऱ्या दिवशी तू दुकानात आलास. मी भाता ओढत होतो, तुला बस म्हटलं नाही. तू म्हणालास की संस्थेचे चेअरमन आबा, नोकरी त्यांच्या हातात, पोरं लहान, यंदा जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, ठीक आहे, माणूस भितो. आता एक कर. अम्माकडं जा आणि शपथ सुटली म्हण. ती चार शेळ्या पुन्हा घेईल, आत चारेल. ज्या गवताचा भारा तिला मिळणार नाही त्याची राखण तिनं का करायची?

तू काय म्हणालास ते तुझ्याच शब्दांत लिहितो. "सुटली म्हणालो तर सगळीच सोडत्यात रं. वर्षात माळ उघडा पडंल. एवढं कसं करू?"

त्या वाक्यानं माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. काटे जळणाला गेले होते, तारा गंजल्या होत्या, तुझं खरं कुंपण अम्माचा शब्द होता. बिरूचा शब्द होता. असल्या चार-सहा घरांच्या शब्दावर आबांच्या गाई चरत होत्या. भारा द्यायचा नाही आणि शपथही सोडायची नाही, दोन्ही डगरींवर हात. मी तुला तेव्हा जे बोललो ते इथं लिहीत नाही, तुझ्या पोरांच्या वाचण्यात यायचं. तू ऐकून घेतलंस आणि निघून गेलास.

तुला माळाचं प्रेम होतं, हे मला कळत होतं रे. आबांच्या भीतीपेक्षा ते प्रेम मोठं होतं, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. भित्र्या माणसाला माफ करता येतं. तुझं गवत जगावं म्हणून तू माझ्या आईला बांधून ठेवलंस.

त्यानंतर पुढचं वर्ष, त्याच्या पुढचं वर्ष, दर वर्षी लिलाव. गावात दूध वाढलं. टँकर यायला लागला. संस्थेला ढाल मिळाली, तुझ्या गळ्यात हार पडले. आमच्या आळीत चहा काळाच राहिला. बिरू मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने परमुलखात काढायला लागला. अम्मानं पुन्हा एक शेळी घेतली आणि तिला रस्त्याच्या कडेनं चारायला लागली. गायरानाच्या कडेनंच तो रस्ता जातो. शेळी आत मान घालायची आणि अम्मा दावं ओढायची. लोकांनी अम्माला सांगून बघितलं की म्हातारे, शपथ कधीच गेली, ज्यानं घातली तोच विसरला. ती म्हणायची, दत्तूनं अजून सांगितलं न्हाय.

ईदेला तू यायचा थांबला नाहीस, एवढं मानतो. पण घरात पाऊल टाकणं सोडलंस. दुकानाच्या बाकड्यावर बसायचास. अम्मा आतनं वाडगा पाठवायची, शिरखुर्मा भरून, वर चारोळ्या जास्त, कारण तुला आवडतात. तू खाली मान घालून खायचास, वाडगा बोटानं पुसायचास आणि विचारायचास, चाची बरी हाय न्हवं? आमच्या घराचं दार बाकड्यापासून दहा पावलांवर. मी दर ईदेला मनात म्हणायचो, आज उठेल, आज आत जाईल, एक शब्द टाकेल. तू सायकलवर टांग टाकायचास.

तू आजारी पडलास तेव्हा मी पेठेत मामाच्या घरी आलो. कावीळ पोटात उतरली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि तुला कुणी सांगितलं नव्हतं. तुला ते कळलं होतं, असं मला वाटतं. खिडकीतनं पोरांच्या खेळण्याचा दंगा ऐकू येत होता. तू हळदीसारखा पिवळा पडला होतास. मला विचारलंस, पात्यांना गिऱ्हाईक हाय का? मी म्हटलं, हाय. अम्माचं विचारलंस. मी सांगितलं की शेळी राखती. तू डोळे मिटलेस आणि विचारलंस, कुठं चारती?

"रस्त्याकडंनं," मी म्हटलं. "तुझ्या सांगण्याची वाट बघती."

तू भिंतीकडं कूस बदललीस. मला वाटलं झोपलास. मग म्हणालास, "बरा झालो की येतो घरला." मी तेव्हा तुझा हात धरून म्हणायला हवं होतं की आत्ता म्हण, मी निरोप नेतो. पण मरणाऱ्या माणसाकडनं असलं काही काढून घ्यायला जीभ रेटेना. मी तुझ्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि एसटी गाठली. तू काही बरा झाला नाहीस.

परवा नदीवर तुझा घास मांडला. दहीभात, कांदाभजी, कोऱ्या चहाची कपबशी, तंबाखूची चिमूट. कावळे वडावर भरपूर होते, एकही खाली उतरेना. तुझा भाऊ हात जोडून म्हणाला, पोरांचं शिक्षण मी बघतो. कावळा आला नाही. तुझ्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, सांगितलं, घराची काळजी करू नका. आला नाही. संस्थेनं तुझा फोटो लावायचं कबूल केलं. आबा पुढं झाले आणि म्हणाले, गायरानाच्या फाटकाला तुझं नाव देतो. एक कावळा उडाला तो पलीकडच्या काठाला गेला.

ऊन तापायला लागलं. लोक चुळबुळ करायला लागले. काय अडलंय ते तिथल्या निम्म्या माणसांना ठाऊक होतं आणि जो तो पायाखालच्या वाळूकडं बघत होता. बिरू आता पार वाकलाय. तो काठी टेकत पुढं आला आणि म्हणाला, "आबा, पयला भारा देतो म्हना की. शिवंल त्यो."

 वहिनींनी आबांकडं बघितलं, अगदी हात जोडून. आबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. म्हणाले, बिरूबा, ही जागा न्हवं. आणि मग मोठ्यानं म्हणाले की फार वेळ झाला, आता गाईला घाला.

जवळचा गोठा आबांचाच. तिथनं काळीपांढरी संकरित गाय आणली. अंग कसं तुकतुकीत, केसावर माशी बसत नव्हती. तुझ्याच गवतावर वाढलेली. तिनं दहीभात खाल्ला, भजी खाल्ली, खालची पत्रावळसुद्धा चावून खाल्ली आणि आणखी काही आहे का म्हणून वहिनींचा हात हुंगायला लागली. लोकांनी टोप्या घातल्या.

मी घरी आलो. अम्मा दारात शेळीला दावं बांधत होती. तिनं विचारलं, शिवला का? मी खोटं बोलणार होतो. तिच्याकडं बघून ते जमलं नाही. म्हटलं, न्हाय, गाईला घातलं.

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. दाव्याचं टोक हातात तसंच धरून म्हणाली, "मग आता मला कोन मोकळं करनार?"

मी म्हटलं, अम्मा, मी म्हणतो. त्याच्या वतीनं म्हणतो, सुटली. जा, घाल शेळी आत. तिनं मान हलवली. "तुला कुठं दिलता शबुद?"

संध्याकाळी भाकरी टाकताना तिनं मला हाक मारली. तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्यो बी अडकून पडलाय रं. त्याला सांग, चाचीनं सोडलं त्याला. माझं मी बघतो."

हा तिचा निरोप. तिनं सांगितला म्हणून पोचवला. मी तुला सोडलेलं नाही, दत्तू.